बालाकाच्या सभेत एनेलेसी

बालाका गावच्या बाजारात एनेलेसी पिठाची गोड मांदासी तळून विकायची. तिला आणि तिच्या लेकीला एचआयव्हीच्या गोळ्या रोज लागायच्या. या गोळ्यांसाठी येणारी परदेशांची मदत आटली, तेव्हा दवाखान्यातली नर्स म्हणाली, "आई, पुढच्या महिन्याचं काही सांगता येत नाही."

खासदार सभेला आले, तशी एनेलेसी थेट मंचावर चढली. "साहेब, आमच्या गोळ्यांचा खर्च आपल्या सरकारनं उचलावा."

"अहो आई, ते परदेशी लोक बघतात ना!"

"मरायचं आम्ही आणि बघायचं परक्यांनी? तुमचं पोरगं तापलं तर शेजाऱ्याची वाट बघत बसता का?"

लोक हसले. खासदारही हसले. तेव्हा तिचा धीर सुटला. "मला एचआयव्ही आहे," ती रडतच ओरडली. "ज्यांना आहे त्यांनी उभं राहा, म्हणजे साहेबांना दिसेल तरी!"

कुणीच उठलं नाही. दवाखान्यात तिच्याबरोबर गोळ्यांच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांनी माना खाली घातल्या.

दुसऱ्या दिवशी तिची मांदासी कुणी घेतली नाही. पुढच्या महिन्यात गोळ्याही आल्या नाहीत. तरी खासदारांच्या पुढच्या गावच्या सभेला ती निघाली, तेव्हा गोळ्यांच्या रांगेतली फालेसी धापा टाकत मागून आली.

"थांब गं. घरात बसून तरी मी कुठं जगणार आहे?"