बट नंबर सत्तेचाळीस

तुडीलच्या नागसेन आजोबांकडून साधा कोयता मागून बघा. आधी तो उलटासुलटा होईल, मूठ हलवून पाहिली जाईल, आणि मगच हातात मिळेल. पलटणीत चोवीस वर्षं रायफली दुरुस्त केलेला माणूस तो. गावातले लोक चिडवतात, की आजोबांच्या तोंडून ‘ठीक’ ऐकायचं तर जेवून या.

त्यामागचं कारण त्यांनी यंदापर्यंत कोणाला सांगितलेलं नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी रजेची गाडी चुकू नये म्हणून त्यांनी घाईत नोंदवहीत एका रायफलीपुढे ‘ठीक’ लिहिलं. तिच्या मॅगझिनची स्प्रिंग थकलेली होती, आल्यावर बदलू म्हणाले. चार दिवसांनी चौकीवर ऐन गोळीबारात ती अडकली आणि ती चालवणारा त्यांचा मित्र, वरंधचा भरत, मारला गेला. दर वर्षी भरतच्या स्मृतिदिनाला त्याची बायको मंजुळा पहिलं ताट आजोबांना वाढते, नवऱ्याचा जिवलग म्हणून. तो घास त्यांच्या घशाखाली उतरत नाही.

यंदा त्या दिवशी नात मानसी पुण्याहून आली होती. तिची कंपनी एक जुना बंदुकांचा गेम नव्याने बनवतेय.

“जुन्या गेममधल्या बंदुका खेळण्यांचे फोटो काढून केल्या होत्या, आजोबा. आमची रायफल मात्र तुम्ही सांगितलं त्यावरून केलीय.”

महिनाभर फोनवर त्यांनीच तर सांगितलं होतं, दांडा कसा ओढायचा, खांद्याला धक्का किती बसतो. बट नंबर, म्हणजे दस्त्यावर रंगवलेला क्रमांक, विचारला तेव्हा तोंडातून त्या अडकलेल्या रायफलीचाच निघाला होता, सत्तेचाळीस. आता लॅपटॉपवर तीच रायफल, तोच नंबर. मानसीने गोळ्या झाडून दाखवल्या. थांबेचनात.

“ही अडकत नाय?”

मानसी हसली. “तुम्ही तपासलेली ना? अडकेल कशी!”

आजोबांनी लॅपटॉप मिटला. “अडकली व्हती गो. मीच ठीक लिवलं व्हतं.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. मानसीला रडू आवरेना. डोळे पुसत तिने विचारलं, “नंबर बदलू का?”

“नको. तिला अडकू दे. आणि गाडी काढ.”

वरंधला मंजुळाने नेहमीसारखा पाट मांडला होता. आजोबा दारातच उभे राहिले.

“वयनी, आधी माझं ऐका. मग वाटलं तर ताट वाढा.”