लाल बटण कोणी दाबलं?

मी पॅनेल वायरिंगची कामं करतो. आमच्या धंद्यात मशीन बंद पडलं की त्याला कारण असतं, आणि शोधलं की ते सापडतं. भुताखेतांचं बोलणाऱ्यांना मी तोंडावर हसायचो. म्हणूनच हे लिहायला इतके महिने लागले...

महाड एमआयडीसीत, बिरवाडीच्या बाजूला एक छोटं वर्कशॉप आहे. केमिकल कंपन्यांच्या पंपांचे सुटे भाग तिथे बनतात. तिथल्या जुन्या सीएनसी मिलिंग मशीनवर प्रकाश ऑपरेटर होता – माझ्या धाकट्या बहिणीचा, सुमनचा नवरा. पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतला, अबोल माणूस. बिरवाडीत खोली घेऊन दोघं राहायची.

गेल्या पावसाळ्यात चालू मशीनमधला लोखंडाचा कीस काढताना त्याची बाही फिरत्या कटरमध्ये अडकली. मशीनला इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण होतं. पण ते सारखं ट्रिप होऊन काम अडायचं, म्हणून मालकाने बटण वगळून वायरी डायरेक्ट जोडून टाकल्या होत्या. प्रकाशने बटण दाबलं होतं. ते आत जाऊन लॉक झालेलं सापडलं... मशीन मात्र फिरतच राहिलं. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला होता.

चौकशी झाली, मशीन बरेच दिवस बंद राहिलं. मग नवीन स्टॉप बसवायला मालकाने मलाच बोलावलं. आधी वाटलं, जाऊन त्याच्या कानाखाली द्यावी. सुमनला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करताच म्हणाली, "लाव, दादा. दुसऱ्या कुनाच्या घरात असं नको व्हायला."

मी लावलं. नवीन बटण, नवीन वायर, आणि बटण दाबताच मशीनची वीज तोडणारा वेगळा सेफ्टी रिले. दाबून पाहिलं – मशीन जागच्या जागी थांबायचं. बटण फिरवून सोडल्याशिवाय पुन्हा चालू व्हायचं नाही. मशीनचं दार उघडलं की ते थांबवणारा स्विच तेवढा यायचा होता.

दुपारी जेवणं झाल्यावर नवीन ऑपरेटर संतोषने ट्रायलचा जॉब लावला. मी मशीनच्या मागे पॅनेल उघडून मीटर लावून उभा होतो. मालक पार गेटपाशी फोनवर. शेडमध्ये तिसरं माणूस नव्हतं. चालू मशीनमध्ये हात घालायचा नाही, हे संतोषला बजावलं होतं. पण हाताची सवय...

अचानक माझ्यासमोर रिलेने वीज तोडली – खट्. मशीन थांबलं. मी पुढे धावलो. संतोष आत वाकलेला, दोन्ही हात आत. शर्टाची बाही मनगटापर्यंत कटरला गुंडाळली होती. हात शाबूत होता. बाही कापून त्याला सोडवला. तो घामाने भिजला होता.

"बरं झालं तुम्ही दाबलंत," तो म्हणाला.

मला वाटत होतं, त्यानेच दाबलं. पण त्याचे दोन्ही हात आत होते, आणि बटण बाहेर, मशीनच्या पुढच्या बाजूला, तसं वाकून हात पोचणार नाही असं. आणि ते आत गेलेलं होतं. लॉक झालेलं. मालक आला, त्याने बटणाकडे पाहिलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. संध्याकाळपर्यंत तो आत आला नाही.

तुम्ही म्हणाल, लूज कनेक्शन असेल. मीही तेच धरून सगळं तपासलं. वायर सुटली तर मशीन थांबतं, मान्य. पण बटण आत जात नाही. त्याला तळहाताचा जोर लागतो.

सुमनला सांगितलं, तर ती म्हणाली, मला तिकडे ने. दुसऱ्या दिवशी नेलं. मशीन बंद होतं. तिने त्या लाल बटणावर तळहात ठेवला. दाबलं नाही, नुसता ठेवला. मग हलकेच म्हणाली, "त्यांच्या वक्ताला कुनी नाय आलं, दादा."

पुढे खोली सोडून ती वाडीवर सासू-सासऱ्यांकडे गेली. संतोषनेही काम सोडलं. ते बटण पुन्हा कधी आपोआप दाबलं गेलेलं नाही. त्या दुपारी ते कसं दाबलं गेलं, याचं कारण मला आजवर सापडलेलं नाही... आणि खरं सांगायचं तर, शोधायचं मी सोडून दिलंय.