आयडी तिचा, हात कुणाचा

ती घटना आठवली की आजही मान खाली जाते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, समुद्रातून बाहेर काढलेली प्रेतं पाहिली. त्यातल्या एकाचीही मला लाज वाटत नाही, कारण तिथे मी माझं काम नीट केलं. हे प्रकरण साध्या कॉम्प्युटरचं होतं. ना रक्त, ना मारामारी. आणि त्यातच मी चुकलो.

मी तेव्हा रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. शेजारच्या गावात मासळी विकणाऱ्या बायकांची एक संस्था होती. त्यांचं एक लहानसं कोल्ड स्टोरेज होतं, आणि मुरुडपर्यंतच्या लॉजवाल्यांना मासळी पुरवण्याचा चांगला चाललेला धंदा. लॉजवाले आदल्या दिवशी मोबाइलवर मागणी टाकत आणि सकाळी कुणाची पापलेटं कुठे पोचायची ते बायकांच्या फोनवर येई. हे सगळं जिने उभं केलं, ती त्याच गावची सून. नाव लिहीत नाही, ते एकदा खराब केलंय तेवढं पुरे.

शिमग्याच्या सुट्टीत लॉज भरलेले, आणि नेमका तेव्हाच स्टोरेजमधला सगळा माल नासला. कॉम्प्युटरमधल्या तापमानाच्या नोंदी आणि लॉजच्या मागण्याही पुसलेल्या. संस्थेच्या अध्यक्षबाई फिर्याद द्यायला आल्या. गुन्हा दाखल झाला आणि दुसऱ्याच दिवशी ठाण्याच्या फोनवर निनावी खबर आली, "कॉम्प्युटरवाल्या बाईलाच विचारा. तिला दुसरीकडे नोकरी लागलीय, जाता जाता वाट लावून चाललीय." खबर देणाऱ्याचा आवाज भलताच खात्रीचा होता. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. खरी खबर देणारा नेहमी चाचरतो.

पंचनाम्याला गेलो तेव्हा कोल्ड स्टोरेजच्या दारावर निळ्या शाईने लिहिलेला एक कागद चिकटवलेला होता. पंचनाम्यात मी लिहिलं, 'दारावर एक कागद'. काय लिहिलंय ते वाचलं नाही.

कायद्याने बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, तिच्या घरी जायचं असतं. मला ते पाठ होतं. तरी मी तिला ठाण्यात बोलावलं. एक महिला शिपाई समोर बसवली आणि मनाची समजूत घातली. तीन दिवस ती रोज सकाळी एसटीने यायची आणि स्टँडपासून ठाण्यापर्यंत भर बाजारातून चालत यायची. बरोबर आमचा एक शिपाई असायचा. बाजारात तिच्याच संस्थेच्या बायका टोपल्या घेऊन बसलेल्या असत.

पहिल्या दिवशी मी विचारलं, "हे क्लाउड क्लाउड म्हणतात ते काय असतं?"

बिचारीने मनापासून समजावलं. "साहेब, आमचं दोन ठिकाणी असतं. बायकांची आधारं, बँकेचे नंबर हे आमच्या ऑफिसातल्याच मशीनवर. ते बाहेर जात नाही, घरातल्या कपाटासारखं. आणि लॉजच्या मागण्या, तापमान हे भाड्याच्या जागेवर. सीझनला मागण्या वाढल्या की जागा वाढवून घ्यायची, पावसाळ्यात होड्या बंद झाल्या की कमी करायची. बर्फवाल्याकडे कप्पा भाड्याने घेतो ना, तसं. फायदा असा की मी घरी असले तरी मोबाइलवरून सगळं दिसतं."

"म्हणजे पुसतासुद्धा येतं घरबसल्या?"

"हो, येतं," ती म्हणाली. सरळ बाई, खोटं कशाला बोलेल?

तोच फास मी तिच्या गळ्यात टाकला. नोंदी पुसल्या त्या दुपारी देवाची पालखी तिच्या घरी होती. सारा गाव साक्षीला होता. सासू ठाण्याच्या दारात येऊन कळवळून सांगत होती, "सायब, पालखी घरात व्हती, हिच्या हातात आरती व्हती. ही न्हाय करायची असं." मी म्हटलं, "आजी, मोबाइलला दोन मिनिटं लागतात. तुमच्या सुनेनेच सांगितलंय." स्वतःच्या हुशारीवर मी तेव्हा खूष होतो हो!

तिचं म्हणणं एकच. "साहेब, आयडी माझा, पण वापरतात सगळे. तापमान यंत्र टिपतं, पण तासातासाला कुणीतरी आत शिरून बघायला लागतं. मी चोवीस तास कशी असेन?"

"आयडी तुझा म्हणजे हात तुझा," मी टेबलावर थाप मारून म्हणालो. "सही जशी दुसऱ्याला देत नाहीत, तसा आयडी पण देत नाहीत. शिकलेली ना तू?"

आता खरं सांगतो. मी हे बोलत असताना शेजारच्या खोलीतून आमचा हवालदार ओरडला, "अरे, मॅडमचा पासवर्ड काय आहे रे? एफआयआर टाकायचाय!" तीही ते ऐकत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

कारण आमच्या ठाण्यात तेच चालायचं. गुन्ह्यांच्या नोंदी संगणकावर आल्या तेव्हा प्रत्येकाला वेगळा आयडी मिळाला होता. पण आमच्यातल्या निम्म्यांना टायपिंग येईना, उरलेल्यांना आपला पासवर्ड आठवेना. एका महिला शिपाईचं सगळं व्यवस्थित, म्हणून सगळं ठाणं तिच्याच नावाने आत शिरायचं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तिसऱ्या दिवशीही ती बाई काही कबूल करेना. मी ठरवलं, चौथ्या दिवशी अटक दाखवायची.

चौथ्या दिवशी सकाळी तीच महिला शिपाई माझ्यासमोर सॅल्यूट ठोकून उभी राहिली. हातात वरच्या कार्यालयाचं पत्र. एका गुन्ह्यात आरोपीच्या जागी फिर्यादीचं नाव चढलं होतं, आणि नोंद तिच्या आयडीवरून झाली म्हणून तिचा खुलासा मागवला होता.

"असं कसं केलंस?" मी खेकसलो.

"साहेब, त्या दिवशी मी रजेवर होते," ती खाली बघत म्हणाली. "माझ्या आयडीवर तुम्हीच बसला होता."

मी होतो खरा. घाईत मीच ती नोंद केली होती. माझा चेहरा असा काही उतरला असणार की ती पोरगीच घाबरली. पाणी देऊ का म्हणाली.

त्याच दिवशी मी ते काम केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. पुन्हा कोल्ड स्टोरेजवर गेलो आणि दारावरचा तो कागद वाचला. तिचा आयडी, खाली पासवर्ड. जाणारा-येणारा कुणीही वाचावा इतक्या मोठ्या अक्षरात. मग सायबर सेलमार्फत भाड्याच्या क्लाउडवाल्या कंपनीला पत्र दिलं. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीची जुनी प्रत राहते, पुसणाऱ्याला हे माहीत नव्हतं. नोंदी सगळ्या परत आल्या. शिमग्याच्या दिवशी सकाळी वीज गेली होती, जनरेटर कुणी चालू केला नव्हता आणि तापमान वर वर चढत गेलं होतं. दुपारी नोंदी पुसल्या गेल्या त्या म्हसळ्यातल्या एका मोबाइलवरून.

मोबाइल होता कोल्ड स्टोरेजच्या ऑपरेटरचा, अध्यक्षबाईंच्या सख्ख्या भावाचा. ड्यूटी सोडून पठ्ठ्या म्हसळ्याला क्रिकेटच्या मॅचला गेला होता. फोनवर तापमानाचा इशारा आला तशी पाचावर धारण बसली, आणि मैदानात बसून त्याने तिच्या नावाने सगळं पुसलं. निनावी फोनही त्याचाच. चोराच्या उलट्या बोंबा! समोर बसवल्यावर दहा मिनिटांत रडायला लागला. त्याच्यावर दोषारोपपत्र गेलं, पण गावात अध्यक्षबाईंनी त्याची वाच्यता होऊ दिली नाही.

तिला कळवायला मात्र मी स्वतः तिच्या घरी गेलो. "ताई, तुमच्यावर काही नाही. तुम्ही सुटलात," मी म्हणालो. तीन दिवस 'तू' म्हणत होतो, त्या दिवशी 'ताई' आठवलं.

ती रडली नाही, ओरडलीही नाही. म्हणाली, "साहेब, तीन दिवस मला बाजारातून चालवत नेलंत. मी सुटले हे सांगायला बाजारातून कोण चालणार?"

"मी सांगतो. मी स्वतः बायकांना भेटतो," मी म्हटलं. शब्द दिला मी.

दोन आठवड्यांत माझी बदली माणगावला झाली. तिथून ते गाव काही फार लांब नव्हतं. आज जाऊ, उद्या जाऊ. खरं कारण बदली नव्हतंच. गणवेशात, चारचौघांत, 'मी चुकलो' म्हणायला जीभ उचलेना.

निवृत्तीनंतर एकदा कुटुंबाला घेऊन मुरुडला लॉजवर उतरलो होतो. जेवताना मालकाला सहज विचारलं, मासळी कुठून घेता? तो म्हणाला, "पूर्वी बायकांच्या संस्थेकडून मोबाइलवर यायची, फार सोयीचं होतं. पण तिथल्या बाईने घोटाळा केला म्हणतात. पोलिसांनी नेली होती. मग बायकांचा तिच्यावरचा विश्वास उडाला, ती बाहेर पडली आणि सगळंच बसलं." माझ्या ताटात तळलेली सुरमई होती. मी ताट बाजूला सारलं. आणि लाज अशी की मी तेव्हाही गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच एसटीने त्या बाजारात गेलो. ती एका टोपलीमागे बसली होती, इतरांपासून जरा बाजूला. मला ओळखलंच तिने.

"ताई, मी माफी मागायला आलोय."

"मला कशाला सांगता?" हात पुसत ती म्हणाली. "मला माहीतच हाय मी काय केलं न्हाय ते. त्यांना सांगा."

मी वळलो. दहा-बारा बायका, कोयते हातात धरून, माझ्याकडे बघत होत्या. आयुष्यभर लोकांचे जबाब घेतले, स्वतःचा द्यायची ही पहिलीच वेळ. पण सांगितलं सगळं. कागद, पासवर्ड, म्हसळ्याची मॅच, माझ्या ठाण्यातला तो एकच आयडी आणि तीन दिवस तिला चालवलं ते. कुणाच्या नावावर काय चढलंय त्यावरून माणूस ठरवायचा नसतो, हे मला पंचनाम्याच्या दिवशीच कळायला हवं होतं, तेही बोललो. एक बाई उठली आणि आपली टोपली उचलून तिच्या शेजारी जाऊन बसली.

समोरच्या म्हातारीने मात्र हातातला मासा पुरा कापला, खवले झटकले आणि मग मान वर केली. "ह्ये सांगाया यवढी वर्सं लागली व्हय, सायब?"

मी तिच्यासमोर उभा होतो, खुलासा मागितलेल्या त्या महिला शिपाईसारखा.