काजवालीचा हत्ती

“माझ्या वतीनं हो म्हणणारा तू कोण?”

“तुझा भाऊ. आणि हळू बोल, लोक बघताहेत.”

“बघू देत. माझा डाव अजून सुरू व्हायचाय, आणि तू तो संपवूनही आलास.”

दादाने कपाळाला हात लावला. बुद्धिबळ स्पर्धेची शेवटची फेरी. बरोबरी झाली तरी तिचं संघात नाव नक्की. हरली तर बाहेर. तिच्यासमोर खेळणाऱ्या, बँकेतल्या साहेबालाही अर्धा गुण पुरत होता. तेव्हा दहा चालींनी हात मिळवायचे, असं दादाने आणि साहेबाने चहा पिता पिता परस्पर ठरवून टाकलं होतं.

तिला सगळे काजवालीच म्हणत. शिंप्याच्या दुकानात पोटमाळ्यावर बसून ती तेवीस वर्षं हाताने काजं करत आली होती. खेळ दादानेच शिकवला, हे खरं. सतराव्या वर्षी अशीच एक बरोबरी त्याने जमवून दिली होती, हेही खरं. तेव्हापासून घरी पाहुणा आला रे आला, की “तो अर्धा गुण माझा हं” ऐकून तिचे कान किटले होते.

साहेबाने राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. तिने वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं पुढे घातलं. सिसिलियन बचाव. बाह्या सरसावून भांडायला उभं राहावं, तशी सुरुवात. साहेब मिशीत हसला. खुर्चीशी त्याची बॅग भरून तयार होती. दीडची बस होती.

दहावी चाल करून तो पुटपुटला, “बरोबरी?”

तिने पुढची चाल केली. पटावर नकार असाही देता येतो.

साहेबाचे कान लाल झाले. त्याने तिच्या राजावर प्यादी सोडली. दाराच्या काचेआड दादा मान हलवत होता. तिने हत्ती उचलला आणि साहेबाचा घोडा मारला. घोड्याला प्याद्याचा जोर होता. हत्ती जाणार हे आंधळ्यालाही दिसत होतं. दादाने डोळेच मिटून घेतले. पण काज करायचं तर आधी धड कापडालाच कात्री लावावी लागते, आणि दादाने जन्मात एक काज केलं नव्हतं.

प्याद्याने हत्ती खाल्ला. साहेबाच्या राजापुढे फट पडली. तिथून तिचा उंट घुसला, मागोमाग वजीर. एकतिसाव्या चालीला साहेबाने हार मानून घड्याळ थांबवलं.

“तुमच्या भावाशी बोलणं झालं होतं माझं.”

“मग त्याच्याशीच खेळायचं होतं.”

निकालाच्या कागदावर तिने सावकाश सही केली. अख्खा एक गुण.

दारात दादा उभाच होता. “हरली असतीस म्हणजे? आणि साहेबाला आता मी काय तोंड दाखवू?”

तिने पिशवी खांद्याला लावली आणि त्याच्या बाजूने पायऱ्या उतरून निघून गेली.