जानकीबाईला कुणी विचारलं?

शेणवे गावच्या जानकीबाईचा आवाज चढला की अख्खी आळी गप्प व्हायची. भाताची लावणी असो की हळदीचं जेवण, बायका तिच्याच हुकमात. त्या बाईच्या उजव्या हातातून दिवाळीपासून तांब्या निसटायला लागला, बोलता बोलता शब्द अडायला लागला.

छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन आधीच झालेलं. तोच आता डोक्यात पसरला होता. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या मुलाला, सतीशला, नीट समजावलं. डोकं उघडायचं नाही, नेमक्या गाठीवर किरणं सोडायची, एकाच दिवसाचं काम. रोग जाणार नाही, पण हात आणि वाचा काही महिने टिकतील. आणि आईला बाहेर बाकड्यावर बसवून हे ऐकलं त्या गाढवानं!

घरी येऊन त्याने धाकट्या काकाच्या, राघोच्या कानावर घातलं. राघो म्हणाला, "बरी होनार नाय ना? मग कशाला वहिनीचे हाल?" झालं, ठरलं. जिचं डोकं, तिला विचारायचं कुणाला सुचलंच नाही. वर भावकीत निरोप धाडले, भेटून घ्या म्हणून.

आले की सगळे. जाणाऱ्या माणसाला आवडीचं खाऊ घालायची रीतच आहे. कुणी पुरणपोळ्या आणल्या, कुणी मटण, कुणी म्हसा गावच्या जत्रेतली मिठाई. जानकीबाईला वाटलं, काय ही माया! ती खात राहिली आणि इकडे हात लुळा पडत गेला. एका दुपारी नणंद गुणाबाई घास भरवता भरवता हुंदका देऊन बोलून गेली, "खा गो वहिनी, आता काय ऱ्हायलंय."

जानकीबाईने डाव्या हाताने ताट भिरकावलं. मग सतीशने रडत रडत सगळं सांगितलं.

"बरं... बरं व्हायचं कोन म्हनतंय?" ती ओरडली. "माझा हात माझा ऱ्हायला असता ना रे, मेल्या!"

पुढच्याच आठवड्यात ती मुंबईला गेली. डोकं हलू नये म्हणून तोंडावर जाळीचा मुखवटा घट्ट बसवला, ती हूं की चूं न करता पडून राहिली. वाचा सुधारली. हात मात्र गेला तो गेलाच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उशीर केलात.

तेव्हापासून ती ओटीवर बसते आणि राघो दिसला की तोंडाचा पट्टा सोडते. काल त्याने हात जोडले, "वहिनी, आता तरी गप ऱ्हा."

"गप ऱ्हायला पुढं लय येळ हाय, भावजी," ती म्हणाली. "बसा. आज ऐका."