न शिकवलेली भाषा

नागपूरहून अमेरिकेत ओक्लाहोमाला आले त्याला आता बरीच वर्षं झाली. इथल्या एका हॉस्पिटलमध्ये मी स्पीच थेरपिस्ट आहे. स्ट्रोकनंतर वाचा गेलेल्यांना पुन्हा बोलतं करायचं, हे माझं काम.

गेल्या हिवाळ्यात एक आजी ॲडमिट झाल्या. इथल्या मूळ रहिवाशांपैकी. स्ट्रोकमध्ये त्यांचं इंग्रजी पार पुसलं गेलं होतं. उरली होती ती लहानपणची, त्यांच्या जमातीची भाषा. पण दोन शब्द बोलल्या की त्या स्वतःच तोंडावर हात दाबून धरायच्या आणि दाराकडे बघायच्या.

"काय म्हणतायत?" मी त्यांच्या मुलीला विचारलं. तीही साठीची.

"मला नाही येत. आईनं आम्हाला शिकवलीच नाही. लहानपणी तिला सरकारी माणसांनी बोर्डिंग शाळेत उचलून नेलं होतं. तिथं घरची भाषा बोललं की तोंडात साबण कोंबायचे. तुमच्या वाट्याला ते नको, एवढंच म्हणायची."

मी चित्रांची कार्डं घेऊन उभी होते. पाणी, पांघरूण, खिडकी. सगळं इंग्रजीतून वदवून घ्यायचं. ती कार्डं मी खिशात टाकली.

बऱ्याच फोनाफोनीनंतर त्याच शाळेत शिकलेले, त्यांच्याच जमातीचे एक आजोबा सापडले. मुलीनं फोन स्पीकरवर टाकून आईच्या उशाशी धरला. आजी बोलत राहिल्या.

"आमचीच भाषा आहे," आजोबा शेवटी म्हणाले. "पण माझीही गेली, पोरी. एकच शब्द कळला. ती मोठ्या बहिणीला हाक मारतेय."

"आईला बहीण नव्हती."

"होती. दोघी बरोबरच आल्या होत्या. थोरली शाळेतच आजारी पडून गेली."

मुलीनं फोन तोंडाजवळ आणला. "नाव काय होतं तिचं?"

"शाळेनं सगळ्यांना इंग्रजी नावं दिली होती. खरं नाव मी कधी ऐकलंच नाही."

आठवड्याभरात आजी गेल्या. शेवटपर्यंत काहीतरी सांगत होत्या. आम्ही दोघी नुसत्या त्यांचा हात धरून बसायचो.

उन्हाळ्यात मुलीचा फोन आला. ती शाळेच्या जागी जाऊन आली होती. इमारत कधीच पाडलेली, कमरेइतकं गवत वाढलेलं. शाळेत दगावलेल्या मुलांना तिथंच कुठंतरी पुरायचे, असं गावातल्या लोकांनी सांगितलं, पण खुणेचा एक दगडही नव्हता.

"फुलं नेली होती," ती म्हणाली. "कुठं ठेवायची तेच कळेना. गाडीतच राहिली."