टाकीतलं फडकं

पारगावच्या अलीकडं, रस्त्याला लागूनच हनुमंत मिस्त्रीचं गॅरेज आहे. पत्र्याची शेड, पुढं चिंचेचं झाड आणि झाडाखाली तेल पिऊन काळी झालेली जमीन. हनुमंतचा बाप राघू मेंढरं राखायचा. कुठली मेंढी आजारी पडणार, हे तो नुसत्या खोकण्यावरून सांगायचा. हनुमंतनं मेंढरं सोडून मंचरला एका मिस्त्रीच्या हाताखाली पाना धरला, पण कान बापाचा घेतला. गाडी रस्त्यावरून आत वळायच्या आधीच तो म्हणायचा, "तिसरं नोझल गेलंय." तीस वर्षांत हे सांगणं क्वचितच चुकलं, आणि त्याचा त्याला अभिमान होता. जरा जास्तच होता.

गेल्या मार्चमध्ये, ऊसतोडीचा हंगाम संपत आलेला असताना, गाडीमालक सुदर्शनचा जुना ट्रक भरल्या उसासकट फडाच्या बांधावर अडकला. सेल्फ मारला की इंजिन गरागरा फिरायचं, पण धरायचं काही नाही. ड्रायव्हर भरतनं सेल्फ मारून मारून बॅटरी अर्धी केली, आणि मग मोटारसायकल घेऊन मिस्त्रीला आणायला आला.

बांधावर पोचल्यावर हनुमंतनं भरतला सेल्फ मारायला लावलं आणि स्वतः सायलेन्सरपाशी जाऊन उभा राहिला. इंजिन फिरत होतं, धुराचा पत्ता नव्हता.

"डिझेलच पोचंना," तो म्हणाला.

इंजिन बंद करायची वायर आत अडकलीय का पाहिलं. ती नीट होती. फिल्टर उघडला, स्वच्छ होता. डिझेल वर ओढायचा इंजिनावरचा हँडपंप मारला तर तो कोरडाच हलत राहिला. कुठं हवा ओढते का म्हणून जोडन् जोड तपासला. शेवटी टाकीकडून येणारा पाईप सोडून त्यानं तोंडानं उलटी फुंकर मारली. फुंकर आधी अडली, मग टाकीत गुडगुड झाली आणि पाईप मोकळा झाला. हवा काढून सेल्फ मारला, तर गाडी एका झटक्यात सुरू झाली. भरत हसला. हनुमंत इंजिनाकडं कान देऊन उभाच राहिला. पाच मिनिटांत इंजिन धापा टाकत बंद पडलं.

टाकीत काहीतरी सुटं पडलेलं होतं. पाईपाच्या तोंडाला जाऊन बसत होतं, आणि ओढ थांबली की गळून पडत होतं.

हनुमंतच्या हातातला पाना तसाच राहिला. हेच त्याला कुणीतरी आधी सांगितलेलं होतं. दोन वर्षांपूर्वी, याच गाडीबद्दल, जानकूनं.

जानकू डोंगरातल्या आहुप्याचा. या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून त्यानं अकरा वर्षं काढली होती. त्या साली हंगामाच्या तोंडावर हनुमंतनं गाडीची गंजलेली टाकी उतरवली, धुतली, आतून पुसली आणि परत बसवली. त्यानंतर गाडी वाटेत कुठंही बंद पडायला लागली. अर्धा तास उभी राहिली की आपोआप सुरू व्हायची. जानकूला रोज उशीर व्हायचा. अर्धा तास आडरानात उभ्या असलेल्या गाडीतून डिझेल कसं निघतं, हे मग सुदर्शनच्या कानात कुणी ना कुणी घातलंच.

जानकू गॅरेजवर आला होता. म्हणाला, "मिस्त्री, एकदा टाकी उघडून बघा. आत कायतरी हाय. पायपाच्या तोंडाला बसतंय, गाडी थांबली का सुटतंय."

"टाकी मी सोता धुतलीया," हनुमंत म्हणाला. "आता तू मला शिकवणार व्हय?"

आणि टाकी त्यानं उघडली नाही. फिल्टर बदलला, पंप पाहिला, बास. दोन दिवसांनी कारखान्याच्या गाडीतळावर, चहाच्या टपरीपाशी, दहाबारा ड्रायव्हरांसमोर सुदर्शननं विचारलं, "मिस्त्री, दोष नेमका कशात हाय?"

हनुमंत म्हणाला, "गाडीत काय दोष नाय. डायव्हरचं तुमी बघा."

चोर हा शब्द आपण उच्चारला नव्हता, असं तो नंतर स्वतःला सांगायचा. जानकूला त्याच दिवशी गाडीवरून उतरवलं. पुढं कुणी त्याच्या हातात स्टेअरिंग दिलं नाही. सुदर्शननं मात्र नव्या ड्रायव्हरवर भरवसा नको म्हणून रोज सकाळी समोर उभं राहून टाकी गळ्यापर्यंत भरायला सुरुवात केली. भरल्या टाकीत डिझेल हेलकावत नाही, त्यामुळं आतलं जे काही होतं ते कोपऱ्यात पडून राहिलं. गाडी नीट चालली आणि जानकू चोर होता, याबद्दल सगळ्यांची खात्री पटली. आता हंगामाच्या शेवटी सुदर्शननं टाकी भरणं सोडलं होतं आणि भरत तळाच्या डिझेलवर गाडी रेटत होता.

हनुमंतनं भरतला डिझेलचा कॅन आणायला पाठवलं. तो दिसेनासा झाल्यावर टाकीवरचा, डिझेलची पातळी दाखवणारा फ्लोट खोलला, तारेचा आकडा केला आणि आत घालून ढवळला. तिसऱ्या खेपेला आकड्याला काहीतरी जड लागलं.

हिरव्या चौकड्यांचं फडकं निघालं. त्याच्या लेकीच्या, सृष्टीच्या, शाळेच्या जुन्या फ्रॉकचा तुकडा. कडेला त्याच्या बायकोची, शीलाची, पांढऱ्या दोऱ्याची टीप अजून शाबूत होती. घरातले जुने कपडे फाडून शीलाच त्याला गॅरेजसाठी फडकी करून द्यायची.

त्यानं ते पिळलं आणि खिशात घातलं. भरत आल्यावर म्हणाला, "घाण बसली व्हती." गाडी सुरू झाली. भरत सगळीकडं सांगत सुटला, की मिस्त्रीनं फुंकर मारून रोग ओळखला.

त्या दिवसापासून हनुमंतला कानाचा भरवसा वाटेना. साधा टॅपेटचा आवाज आला तरी तो दोनदा खोलून बघायचा. सृष्टी आता अवसरीला इंजिनिअरिंगला होती. एकदा जेवताना म्हणाली, "आण्णा, आमच्या सरांना मी सांगितलं, माझे वडील नुसतं ऐकून फॉल्ट काढतात." तो अर्ध्या ताटावरून उठला.

फडकं शीलाला पँटच्या खिशात सापडलं. साबण लावूनही वास जात नव्हता. "हे कुठं घावलं?" तिनं विचारलं. तिच्यापुढं त्याला खोटं बोलता आलं नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं, फडकं दोरीवर वाळत टाकलं आणि म्हणाली, "त्याची बायको मला एकदा मंचरच्या बाजारात भेटली व्हती. माझ्याकडं बघून तिनं वाट बदलली. मला वाटलं, वळखलं नसंल."

दुसऱ्या दिवशी सकाळीच हनुमंतनं गॅरेज बंद ठेवलं. घोडेगाव, डिंभ्याचं धरण मागं टाकून तो वर आहुप्याला पोचला तेव्हा ऊन चढलं होतं. जानकूच्या अंगणात हिरडा वाळत पडला होता. जानकूची बायको आरती तो पसरत होती. तिनं ओळखलं, पण 'या' म्हटलं नाही. थोड्या वेळानं जानकू डोक्यावर पाटी घेऊन देवराईच्या अंगानं आला. पूर्वीपेक्षा वाळला होता.

"मिस्त्री, इकडं कुठं?"

हनुमंतनं फडकं काढून ओट्यावर ठेवलं. "तुझ्या गाडीच्या टाकीत घावलं. माझंच हाय. धुताना आत राह्यलं."

जानकूनं ते उचललं, नाकाशी नेलं, परत ठेवलं. "कधी घावलं?"

"पंधरा दिस झालं."

"पंधरा दिस," जानकू म्हणाला.

वाटभर जुळवलेलं बोलणं हनुमंतला आठवेना. "माझी चूक झाली, जानकू," एवढंच तो म्हणाला.

आरती हात न थांबवता बोलली, "दोन वर्सं ह्यांनी घोडेगावचा बाजार केला न्हाई. लोकं हसत इचारत्यात, डिझेल कुठं इकायचास म्हून. सगळा बाजार मी करते."

जानकूनं शिव्या घातल्या असत्या तर हनुमंतला बरं वाटलं असतं. जानकूनं पाण्याचा तांब्या आणून पुढं ठेवला. मग म्हणाला, "मी चोरी केली न्हाई, हे मला ठावंच व्हतं. तुमी एवढ्या लांब येऊन मला नवीन काय सांगितलं? जिथं बोलला व्हता तिथं बोला. हंगाम संपायच्या आत बोला, मंग डायवर पांगत्यात."

दोन दिवसांनी हनुमंत गाडीतळावर गेला. टपरीपाशी पंधराएक ड्रायव्हर होते, सुदर्शनही होता. हनुमंतनं फडकं सगळ्यांना दिसेल असं धरलं आणि काय झालं ते पहिल्यापासून सांगितलं. मध्ये घोटभर पाणी पिऊन पुढचं सांगितलं.

एक म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, "पर मिस्त्री, तवाच टाकी का नाय उघडली?"

"जानकूनं सांगितलं म्हणून नाय उघडली."

 सुदर्शन म्हणाला, "तुमच्या शब्दावर मी माणूस काढला, मिस्त्री. मला तोंडघशी पाडलं तुमी."

"तुमी इचारायच्या आधीच ठरवलं व्हतं, भाऊ. पर ते तुमचं तुमी बघा. माझं मी सांगितलं."

सुदर्शनच्या गाड्या त्या दिवसापासून गॅरेजला यायच्या बंद झाल्या. आणखी काहींच्या झाल्या. 'टाकीत फडकं न्हाई ना राह्यलं?' ही गाडीतळावर थट्टा झाली, आणि त्याच थट्टेबरोबर जानकूची हकीकतही गावोगाव गेली. पावसाळ्याच्या आधी अवसरीच्या प्रतिभाताईंनी, ज्यांचे बटाट्या-कांद्याचे दोन टेम्पो आहेत, निरोप पाठवून जानकूला बोलावून घेतलं.

जानकू आता टेम्पो घेऊन गॅरेजवरून येजा करतो. एकदा चिंचेखाली त्याचा टेम्पो थांबला. फॅनचा पट्टा सैल झाला होता. हनुमंत पाना घेऊन शेडमधून बाहेर आला. जानकूनं स्वतःची पेटी काढली, पट्टा ताणला, बोल्ट आवळले आणि नळावर हात धुतले.

"पाणी घेतलं," तो म्हणाला.

"घे की," हनुमंत म्हणाला.

टेम्पो निघून गेला. हनुमंत पाना तसाच घेऊन शेडमध्ये गेला. अर्धवट खोललेला पंप त्यानं पुढं ओढला.